ग्रस्तोदित खग्रास चंद्रग्रहण पाहताना या चुका टाळा

चंद्रोदयाची वेळ उलटून गेली तरी पूर्वेला काहीच दिसत नाही, ही ग्रस्तोदित ग्रहणातली, म्हणजे चंद्र ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवतो त्या ग्रहणातली, नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा चंद्र उगवलेला असतो. आपण शोधत असतो पौर्णिमेचा लखलखीत चंद्र, आणि समोर असतो त्याच्याहून हजारो पटींनी मंद, तपकिरी-तांबूस गोळा. त्यात संधिप्रकाश आणि क्षितिजालगतची धूसर हवा. अशा वेळी दहा मिनिटांत कंटाळून घरी परतणं ही सगळ्यात मोठी चूक. सूर्यास्तानंतर निदान अर्धा तास तरी थांबा. उच्च अक्षांशांवर संधिप्रकाश रेंगाळतो, तिथे आणखी जास्त.

‘पूर्वेला’ एवढंच धरून शोधणंही फसवं. ग्रहणातला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य नेमका कुठे मावळतो ते आधी बघा आणि त्या जागेकडे पाठ करून उभे राहा. डिसेंबर-जानेवारीत हा चंद्र पूर्वेपासून बराच उत्तरेला उगवतो, जून-जुलैत दक्षिणेला. सूर्य मावळताना पूर्व क्षितिजावर निळसर-राखाडी पट्टा दिसतो, त्याच्यावर गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावलीच, वातावरणावर पडलेली. चंद्रही तेव्हा याच सावलीच्या पुढच्या टोकात असतो! हा पट्टा हळूहळू वर चढतो, पसरतो आणि विरतो. त्याच भागात दुर्बिणीने सावकाश आडवं शोधत जा. नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या बऱ्याच आधी चंद्र दुर्बिणीत सापडतो. सूर्यग्रहणाचे चष्मे मात्र घरीच ठेवा. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघायला काहीच धोका नाही, आणि त्या चष्म्यातून हा चंद्र दिसणारही नाही.

वेळा वाचतानाही गोंधळ होतो. ३१ जानेवारी २०१८ च्या ग्रहणात भारतीय वेळेनुसार खग्रास अवस्था संध्याकाळी ६:२१ ला सुरू झाली, उन्मीलन (खग्रास अवस्था संपणं) ७:३७ ला आणि मोक्ष (ग्रहण पूर्ण सुटणं) ८:४१ ला. नुसता मोक्ष बघून आठ वाजता बाहेर पडणाऱ्याच्या हाती फक्त खंडग्रास भाग लागला. तेव्हा उन्मीलनाची वेळ आधी टिपून ठेवा.

चंद्रोदयाची छापील वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजासाठी असते. समोर पाच अंश उंचीची टेकडी किंवा इमारत असेल तर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. हात पुढे ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन तेवढं मोजून या.

फोटो काढणाऱ्यांनी ऑटोफोकसवर विसंबू नये, अंधुक चंद्रावर तो भरकटतो. दूरच्या एखाद्या दिव्यावर फोकस करून मॅन्युअलवर टाका. पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. खग्रास चंद्राला आयएसओ ८०० ते १६०० ठेवूनही सेकंद-दोन सेकंद लागू शकतात. म्हणजे ट्रायपॉड हवाच. पण टेलिफोटो लेन्सवर एक्स्पोजर फार लांबवू नका. चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे कडा पुसट येतात. उन्मीलन होताच पूर्वेकडची, म्हणजे उगवत्या चंद्रात बहुधा खालची, कड झपाट्याने उजळते. तेव्हा एक्स्पोजर लगेच कमी केलं नाही तर ती कड नुसती पांढरी येते.