छपाईसाठी चित्राचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका मी केली होती. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघांची वारली चित्रं, मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती धरलेला फेर आणि खाली काळ्या अक्षरांत मजकूर. स्क्रीनवर पत्रिका फार देखणी दिसत होती. पाचशे प्रती छापून आल्या तेव्हा बारीक रेघा गेरूत बुजल्या होत्या आणि मजकूर वाचताना डोळ्यांना ताण पडत होता. भिंग धरून पाहिलं, तर प्रत्येक अक्षराच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला निळसर सावली. कागद चांगला होता, मशीनही नीट होतं. चूक फाइलमध्ये होती. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी चित्र काढलं, त्याला शाई म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. ते फक्त स्क्रीनचा उजेड ओळखत होतं.

तेव्हापासून मी सॉफ्टवेअर उलट्या बाजूने निवडते. आधी कागद, मग प्रेस, मग फाइल आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. खाली तोच क्रम दिला आहे.

पायरी 1: आधी प्रेसमध्ये जाऊन या

काम जिथे छापायचं आहे तिथल्या डीटीपी ऑपरेटरशी (छपाईची फाइल संगणकावर तयार करणाऱ्याशी) दहा मिनिटं बोला. फाइल कोणत्या स्वरूपात हवी, पीडीएफ की सीडीआर (कोरलड्रॉ या चित्राच्या सॉफ्टवेअरची फाइल)? छपाई ऑफसेटवर (धातूच्या प्लेटांनी) होणार की डिजिटलवर (प्लेटांशिवाय)? कागद कोणता, आर्ट पेपर (गुळगुळीत) की मॅपलिथो (साधा)? किती रंगांत छापायचं? कटिंगसाठी ब्लीड (कडेबाहेर काढलेला, कापून जाणारा जादा भाग) किती सोडायचं? (बहुतेक ठिकाणी चारही बाजूंनी 3 मिलिमीटर सांगतात.)

महाराष्ट्रातल्या बऱ्याच लहान प्रेसमध्ये अजून कोरलड्रॉवरच काम चालतं. ‘सीडीआर द्या आणि कर्व्ह करून (अक्षरांचं चित्र करून) द्या’ असं सांगितलं तर त्यांची आवृत्ती विचारून ठेवा, कारण नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही. ती सेव्ह करतानाच जुन्या आवृत्तीसाठी करावी लागते. प्रेस पीडीएफ घेत असेल, तर तुम्हाला सॉफ्टवेअर निवडायला बरीच मोकळीक मिळते. आजच्या घडीला मी तरी पीडीएफ घेणारी प्रेसच शोधते.

पायरी 2: चित्र रेघांचं आहे की छटांचं, ते ठरवा

लोगो, वारली, रांगोळी, नकाशा, आकृती, सुलेखन हे सगळं रेघांचं काम. त्याला व्हेक्टर सॉफ्टवेअर हवं. त्यात रेघ गणिताने साठवली जाते, त्यामुळे तेच चित्र व्हिजिटिंग कार्डवरही धारदार राहतं आणि दहा फुटी फ्लेक्सवरही. जलरंगासारख्या छटा, व्यक्तिचित्रं, ब्रशचे फटकारे यांना रास्टर सॉफ्टवेअर लागतं. त्यातलं चित्र ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं असतं, आणि ठिपके किती हवेत ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

हिशोब सोपा आहे. ऑफसेटच्या रंगीत कामाला छापायच्या आकारात इंचाला 300 पिक्सेल धरा. 7 बाय 5 इंचाच्या पत्रिकेला 2100 बाय 1500 पिक्सेल लागले, त्यावर ब्लीड वेगळं. ए-4 पानाला 2480 बाय 3508. इन्स्टाग्रामसाठी केलेलं 1080 पिक्सेलचं चौकोनी चित्र याच मापाने कागदावर जेमतेम नऊ सेंटिमीटर भरतं. ते ताणून पूर्ण पानावर बसवलं की कडा फाटणारच. नंतर आकडा वाढवून चित्रात नवा तपशील येत नाही, म्हणून पहिला फटकारा मारण्याआधीच कॅनव्हास पूर्ण मापाचा घ्या. नुसती काळी-पांढरी रेखाटनं रास्टरमध्ये करणार असाल, तर 600 किंवा त्याहून जास्त ठेवा, कारण काळ्या रेघेची खडबडीत कड डोळ्याला लगेच दिसते. फ्लेक्स लांबून पाहायचा असतो, तिथे 72 ते 100 पुरतात.

पायरी 3: सॉफ्टवेअरला शाई कळते का, ते पाहा

सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होतं, म्हणून इथे जरा थांबा.

स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून रंग दाखवते. त्याला आरजीबी म्हणतात. प्रेस निळी (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी अशा चार शाया एकावर एक छापते, ते सीएमवायके. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी. आरजीबीतला काळा रंग आपोआप सीएमवायकेमध्ये बदलू दिला, तर तो बहुतेक वेळा चारही शायांचा होतो. अमेरिकेतल्या एका प्रचलित प्रोफाइलमध्ये (रंग कसे बदलायचे ते ठरवणाऱ्या तक्त्यात) त्याचे साधारण 75, 68, 67 आणि 90 टक्के होतात, म्हणजे एकूण 300 टक्के शाई. नऊ पॉइंटचा (पॉइंट म्हणजे अक्षरांचं आणि रेघांचं माप) ‘शुभविवाह’ हा शब्द चार प्लेटांवर चार वेळा छापला जातो, आणि कागद केसभर सरकला की कडेला गुलाबी-निळी सावली उमटते. प्रेसवाले याला रजिस्टर हलणं म्हणतात. माझ्या पत्रिकेत नेमकं हेच झालं. मजकुराचा काळा नेहमी फक्त काळ्या शाईचा हवा: 0, 0, 0, 100. ही चार मूल्यं स्वतःच्या हाताने भरू देणारं सॉफ्टवेअर छपाईच्या कामाचं. जे भरू देत नाही, त्याची फाइल दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरमधून नेऊनच प्रेसला द्यावी लागेल.

निळ्याचंही तसंच. स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट होतो, कारण सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारख्याच प्रमाणात येतात. सायन 100 असेल तर मॅजेंटा 70च्या वर नेऊ नका. झगझगीत पोपटी आणि नियॉन रंग चार शायांत मिळतच नाहीत. त्यांचा आग्रह सोडावा.

आता त्या बुजलेल्या पांढऱ्या रेघा. गेरूचा रंग चार शायांचा केला, तर त्यातली पांढरी रेघ चारही प्लेटांवर अगदी एकाच जागी कोरी राहिली पाहिजे. रेघ बारीक असेल तर एखादी शाई तिच्यात शिरतेच. त्यावरचा उपाय म्हणजे गेरू ही एकच तयार मिसळलेली शाई घ्यायची, म्हणजे स्पॉट कलर. मग प्लेट एकच लागते आणि पांढरी रेघ म्हणजे कोरा कागद. रजिस्टर हलायला दुसरी प्लेटच नसते. मजकूरही गेरूतच घेतला, तर छपाई एकरंगी होते, रेघा स्वच्छ येतात आणि खर्चही उतरतो. वारलीसारख्या दोनच रंगांच्या कलेला हे फार शोभतं. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये स्पॉट कलरची सोय हवी. चार रंगांतच छापायचं असेल, तर गडद पार्श्वभूमीवरची पांढरी रेघ किमान एक पॉइंटची ठेवा.

पायरी 4: देवनागरीची परीक्षा घ्या

चित्रात एक अक्षरही मराठी असेल, तर ही पायरी चुकवू नका. सॉफ्टवेअर उघडा, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या पद्धतीचा) फाँट निवडा (‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत मिळतो) आणि ही ओळ टाइप करा:

दऱ्याखोऱ्यांतली कुऱ्हाड, श्रद्धा, षट्कोन, कृष्णा, ॲल्युमिनियम, ऑर्किड, हृदय, लळा.

मग नीट पाहा. ‘ऱ्या’मधला आडवा र आला का, की पाय मोडून पडला? ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते की नंतर? ती पाहायला ‘किती’ टाइप करा. ‘द्ध’ जुळलं का? ल आणि श मराठी वळणाचे आहेत, की हिंदी छपाईतले? काही फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं.

इलस्ट्रेटरमध्ये (ॲडोबीच्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरं फुटलेली दिसली, तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय चालू करा. कोरलड्रॉ एक्स-6च्या आधीचं असेल, तर युनिकोड मराठीची अपेक्षा ठेवू नका. तिथे श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांवरच काम होतं. अशा फाँटातला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसते. ऑपरेटर ‘कर्व्ह करा’ म्हणतो तो यासाठीच. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं आणि फाँटची गरज उरत नाही. पण त्यानंतर शुद्धलेखनाची एक वेलांटीही बदलता येत नाही, म्हणून मजकुराची मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

पायरी 5: आता निवडा

प्रेस सीडीआर मागत असेल आणि तुम्हाला हे काम नेहमी करायचं असेल, तर कोरलड्रॉ घ्या. 1989 पासून ते बाजारात आहे आणि आपल्याकडच्या प्रेसना त्याची सवय आहे. इलस्ट्रेटरही तितकंच समर्थ आहे. मासिकं आणि मोठ्या प्रकाशकांकडे ते जास्त दिसतं. दोन्हींत सीएमवायके, स्पॉट कलर आणि छपाईची पीडीएफ हे सगळं एकाच ठिकाणी होतं. त्याचे पैसे मात्र मोजावे लागतात.

पैसे खर्च करायचे नसतील, तर माझी पसंती इंकस्केप (चित्रासाठी) आणि स्क्रायबस (पानाच्या मांडणीसाठी) या जोडीला. इंकस्केप 2003 पासून मोफत आणि मुक्त आहे, रेघांचं काम सुंदर करतं आणि देवनागरी बरोबर दाखवतं. पण 1.4 आवृत्तीपर्यंत त्याची पीडीएफ आरजीबीतच निघते. म्हणून चित्र इंकस्केपमध्ये काढा, अक्षरं पाथमध्ये (म्हणजे कर्व्हमध्ये) बदला, एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची) फाइल स्क्रायबसमध्ये आणा. तिथे रंगांच्या यादीत जाऊन प्रत्येक रंगाची सीएमवायके मूल्यं भरा किंवा तो स्पॉट कलर करा, आणि पीडीएफ-एक्स प्रकारची (खास छपाईसाठीची) पीडीएफ काढा. पहिल्या वेळी यात एक संध्याकाळ जाते, पण ती वाया जात नाही; रंग कसे वेगळे होतात हे हाताला कळतं.

ब्रशने चित्र काढणाऱ्यांसाठी क्रिता (Krita) हे रास्टर सॉफ्टवेअर. तेही मोफत आहे, सीएमवायकेमध्ये थेट काम करू देतं आणि टिफ (छपाईला चालणारी चित्राची) फाइल देतं. फक्त मजकूर त्यात टाकू नका. तो स्क्रायबस किंवा कोरलमध्ये चित्रावर ठेवा, म्हणजे अक्षरं पिक्सेलची होणार नाहीत. आयपॅडवर प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनी कॅनव्हास तयार करतानाच सीएमवायके प्रोफाइल निवडावं.

ॲफिनिटी हे चित्र आणि मांडणीचं सॉफ्टवेअर 2025च्या अखेरीपासून मोफत झालं आहे आणि छपाईची बाजू त्यात भक्कम आहे. मराठी मजकूर असेल, तर चौथ्या पायरीतली ओळ मात्र आधी टाइप करून पाहा. कॅनव्हाच्या मोफत खात्यातून सीएमवायके पीडीएफ मिळत नाही. ती सोय पैसे भरलेल्या खात्यात आहे.

पायरी 6: एका पानावर सगळं तपासा

निवड पक्की करण्याआधी त्या सॉफ्टवेअरमध्ये ए-5 आकाराचं एक चाचणीचं पान करा. त्यावर 0.25, 0.5 आणि 1 पॉइंटच्या काळ्या रेघा काढा, तशाच पांढऱ्या रेघा गडद पट्टीवर घ्या. फक्त काळ्या शाईत 7, 9 आणि 12 पॉइंटचा मराठी मजकूर, तुम्ही नेहमी वापरता त्या पाच रंगांचे चौकोन आणि छटेचा एक तुकडा ठेवा. त्याची पीडीएफ ज्या प्रेसमध्ये काम द्यायचं तिथेच नेऊन प्रूफ (नमुना प्रत) मागा. डिजिटल प्रूफ आणि ऑफसेटचा रंग तंतोतंत जुळत नाही, पण रेघा, अक्षरं आणि फाँटची गडबड तिथे लगेच दिसते. प्रूफ दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा आणि भिंग सोबत न्या.

हेच पान जपून ठेवलं, तर पुढच्या प्रत्येक सॉफ्टवेअरची तुलना त्याच्याशी करता येते. माझ्या कपाटात अशी चार पानं आहेत, प्रत्येकाच्या मागे सॉफ्टवेअरचं नाव, कागद आणि तारीख लिहिलेली.

पायरी 7: फाइल पाठवताना

पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फाँटची यादी पाहा. प्रत्येकापुढे ‘एम्बेडेड’ असा शेरा हवा, किंवा सगळं कर्व्ह केलं असेल तर यादी रिकामी हवी. पानाचं माप ब्लीड धरून बरोबर आहे का, ते मोजा. सावली, धूसरपणा असे परिणाम वापरले असतील, तर निर्यातीच्या खिडकीत त्यांचं रिझोल्यूशन 300 करा, नाहीतर व्हेक्टर फाइलमध्येही तेवढा भाग खडबडीत येतो. स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये एकेक शाई बंद करून पाहता येते: काळी बंद केल्यावर सगळा मजकूर नाहीसा झाला, तर फाइल बरोबर आहे.

आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल, तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.