किटलीतील क्षाराचा थर काढताना

किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगरमधील असेटिक आम्लाशी त्याची अभिक्रिया होऊन पाण्यात विरघळणारे कॅल्शियम असिटेट तयार होते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. असेटिक आम्ल सौम्य असल्यामुळे 5 टक्के व्हिनेगरमध्ये त्याच्या एक टक्क्याहूनही कमी रेणूंचे आयनीभवन झालेले असते, म्हणजे त्यांच्यातून थर विरघळवणारे हायड्रोजन आयन सुटलेले असतात. मात्र हे आयन खर्च होऊ लागले की उरलेले रेणू त्यांची भरपाई करत राहतात. म्हणून येथे सामूपेक्षा (pH, म्हणजे सुटलेल्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण दाखवणारा अंक) आम्लाचा एकूण साठा पाहावा. व्हिनेगर दहापट विरल केले तर सामू जेमतेम अर्ध्या अंकाने वाढतो, पण तेवढ्याच द्रावणातील साठा एक दशांशावर येतो. हिशेबाने 100 मिलिलिटर व्हिनेगर जास्तीत जास्त सुमारे 4 ग्रॅम थर विरघळवू शकते, तेही सावकाश.

द्रावण कोमट केल्यास वेग वाढतो. उकळू मात्र नये, कारण आम्लाची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते. अधूनमधून ढवळणेही तितकेच उपयोगी आहे, कारण थरालगतचे आम्ल संपलेले द्रावण त्यामुळे बाजूला सरते. बुडबुडे थांबूनही थर दिसत असेल तर आम्ल संपले असे समजून जुने द्रावण ओतून द्यावे आणि ताजे घालावे. व्हिनेगरमध्ये क्लोरीनयुक्त ब्लीच कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.