ऑपरेशन थिएटरमधला ब्लिंक रिफ्लेक्स: ९ मिलिसेकंदांवरचा चकवा

व्हेस्टिब्युलर श्वानोमाची (कानाच्या नर्व्हवरच्या गाठीची) केस होती. अशा सर्जरीत चेहरा हलवणाऱ्या फेशियल नर्व्हवर लक्ष ठेवायला ब्लिंक रिफ्लेक्स, म्हणजे डोळा मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया, बघतात. मी एकटीने लावलेलं हे चौथं मॉनिटरिंग. भुवईवर सुप्राऑर्बिटल (संवेदना नेणाऱ्या) नर्व्हला विजेच्या चार पल्सची ट्रेन, म्हणजे ओळ, डोळा मिटणाऱ्या ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय स्नायूमध्ये नोंद घेणाऱ्या सुया आणि पडद्यावर ९ मिलिसेकंदांवर ठसठशीत तरंग. आर-१, म्हणजे या रिफ्लेक्सचा पहिला प्रतिसाद, साधारण १० ला येतो, म्हणून मी सर्जनना ‘आर-१ स्टेबल’ सांगत राहिले. शेवटपर्यंत तो तसूभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी पेशंटचा त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता.

तो आर-१ नव्हताच. दोन पल्समध्ये २ मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे चौथी पल्स ६ वर पडते. करंट पसरून शेजारच्या स्नायूला थेट भिडला की ३ मिलिसेकंदांत प्रतिसाद येतो. सहा आणि तीन, नऊ! मी पहिल्या पल्सपासून मोजत होते. मोजायचं शेवटच्या पल्सपासून. खरा आर-१ ट्रायजेमिनलमधून (चेहऱ्याच्या संवेदनेच्या नर्व्हमधून) ब्रेनस्टेममधल्या पॉन्सपर्यंत जातो आणि फेशियलमधून परततो, त्याला तिथून पुढे १० तरी लागतात. पडद्यावर तो १६ च्या आसपास हवा. थेट प्रतिसाद ब्रेनस्टेमपर्यंत जातच नाही, त्यामुळे सर्जरीत फेशियल तुटली तरी तो तसाच दिसत राहतो. इतका स्थिर ट्रेस दिसला की घाबरा.

शंका आली की एकच पल्स द्या. भुलेखाली खरा आर-१ एका पल्सला बहुधा येत नाही, आला तर क्षीण. थेट प्रतिसाद मात्र ३ वर उभाच असतो. मग करंट उतरवा, इलेक्ट्रोड सरकवा.

मशीनमधल्या तयार प्रीसेटवर विसंबून कुणी हे काम शिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘बटण दाब, बाकी बघू नकोस’ म्हणणाऱ्या सिनिअरपेक्षा रिफ्लेक्सचा मार्ग कागदावर काढायला लावणाऱ्या मॅडमनी मला जास्त दिलं.

आर-२ च्या, म्हणजे रिफ्लेक्सच्या उशिरा येणाऱ्या दुसऱ्या प्रतिसादाच्या, मागे लागू नका, भुलेत तो जातो. आर-१ सुद्धा प्रत्येकात मिळत नाही. भुलेचा गॅस जास्त असेल, स्नायू सैल करणारं रिलॅक्सन्ट उतरलं नसेल. त्यात तुमचं काही चुकलंय असं नाही. ‘बेसलाइन (सुरुवातीची नोंद) मिळाली नाही’ हे सांगायला लाजू नका. आणि डोकं स्थिर धरणाऱ्या पिना लावण्याआधी भूलतज्ज्ञांना विचारा: स्काल्प ब्लॉक (डोक्याच्या त्वचेला बधिर करणारं इंजेक्शन) देणार का? भुवईपाशी ब्युपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) गेलं की सुप्राऑर्बिटल बधिर, मग ट्रेन कितीही द्या.

अजूनही प्रत्येक केसला मी आधी एक पल्स देते आणि ३ वर काय दिसलं ते वहीत लिहून ठेवते.