वांग्यावरचा लाल कोळी: आधी पाणी, मग औषध
मार्चच्या उन्हात गच्चीवरच्या वांग्याची पानं बारीक पिवळ्या ठिपक्यांनी भरली की लोक खत घालत बसतात. आधी पान उलटून बघा. खाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. तिखटाच्या कणांएवढे ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. आठ पायांचा हा प्राणी कीटक नव्हे, म्हणून माव्यावरचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटकच मरतात. (माझी दोन झाडं अशीच गेली.)

सगळ्यात स्वस्त उपाय पाण्याचा. सकाळी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पानांच्या खालच्या बाजूला जोरदार धार मारा, दोन-तीन दिवसांआड. जाळी धरलेली पानं तोडून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नकोत. तरी हटला नाही तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, ऊन उतरल्यावर. ३० अंशांच्या आसपास त्याची नवी पिढी आठवडाभरात तयार होते, तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा फवारा. गंधक मारायचं असेल तर तेलानंतर दोन आठवडे थांबा, नाहीतर पानं करपतात.