महामारीच्या उन्हाळ्यात वाड्यावरच्या मुलांसाठी कलावर्ग कसे चालवावेत

गोव्यात एप्रिलअखेर शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि जूनच्या आरंभी शाळा पुन्हा भरतात. मधले पाच-सहा आठवडे हा बालनाट्य, चित्रकला, संगीत आणि नृत्याच्या शिबिरांचा हंगाम असतो. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० साली २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली आणि २०२१ साली ९ मेपासून राज्यात संचारबंदी आली, तेव्हा सलग दोन उन्हाळे सभागृहांतली ही शिबिरे बंद पडली. त्या काळात बहुतेक आयोजकांनी एक तर सगळा कार्यक्रम मोबाइलच्या पडद्यावर नेला किंवा निर्बंध सैल होताच शंभर मुलांचे शिबिर पन्नासांवर आणून त्याच सभागृहात भरवले. हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साथीच्या उन्हाळ्यात कलावर्गाचा पाया सभागृह नव्हे, तर वाडा, म्हणजे गावातली लागून असलेल्या घरांची वस्ती, असावा. ज्या आठ-दहा मुलांची घरे एकमेकांना लागून आहेत आणि जी एरवीही एकाच अंगणात खेळतात, त्यांचाच एक गट करावा आणि शिक्षक, साहित्य व वेळापत्रक या गटाला जुळवून घ्यावे.

यामागचे कारण साधे आहे. ही मुले एकमेकांच्या संपर्कात आधीपासूनच असल्यामुळे त्यांना एकत्र बसवल्याने जोखमीत फारशी भर पडत नाही. उलट तालुक्याच्या गावातल्या शिबिरात दहा गावांची मुले एकत्र आली, तर एका घरातला संसर्ग दहा गावांत पोहोचू शकतो. गट लहान आणि ठरलेला असला, की कोणी आजारी पडल्यास कोणाला कळवायचे हेही लगेच समजते. म्हणून दोन वाड्यांचे गट कधीही मिसळू नयेत. शिक्षक दोन वाड्यांवर जात असेल, तर गटांमधला दुवा तोच ठरतो, हे लक्षात घेऊन त्याला एका आठवड्यात एकच वाडा द्यावा.

परवानगी आणि जागा

सर्वांत आधी त्या वेळचा शासकीय आदेश वाचावा. मुलांना एकत्र आणण्यास बंदी असेल, तर पळवाट शोधू नये. त्या काळात वर्ग घरपोच चालवावा. याच कारणासाठी प्रत्येक दिवसाचा पाठ दोन रूपांत तयार ठेवावा, एक अंगणात करण्याचा आणि दुसरा घरी करण्याचा, म्हणजे आदेश रातोरात बदलला तरी मुलांचे काम खंडित होत नाही. पंचायत आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र यांना लेखी कळवावे, तसेच जागा देवस्थानाची, शाळेची किंवा चर्चची असेल तर त्यांची परवानगी घ्यावी. गावाच्या मांडावर (सण-उत्सवांच्या परंपरागत पवित्र जागेवर) वर्ग घ्यायचा विचार असेल, तर आधी मानकऱ्यांना विचारावे, कारण ती जागा रिकामी दिसली तरी गावाच्या दृष्टीने ती मोकळी जागा नसते.

जागा निवडताना पहिला निकष हवेचा. कोविडचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बंद खोलीतला पंखा बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा फिरवतो. म्हणून चारही बाजूंनी उघडा सभामंडप, अग्रशाळेची (देवळाच्या धर्मशाळेची) पडवी, आंब्या-फणसाखालची सावली किंवा घराची ओसरी ही वातानुकूलित सभागृहापेक्षा कितीतरी चांगली. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ ठेवावी. त्यानंतर ऊन आणि दमटपणा दोन्ही असह्य होतात. संध्याकाळची वेळ आकर्षक वाटली तरी मेच्या उत्तरार्धात वळवाचे पाऊस विजांसह येतात आणि ते बहुधा दुपारनंतरच येतात. अशा वेळी झाडाखाली मुले बसलेली असणे धोक्याचे आहे. जमिनीवर सहा-सहा फुटांवर रांगोळीचे वर्तुळ काढून प्रत्येकाची जागा ठरवून द्यावी आणि चटई व पाण्याची बाटली घरूनच आणायला सांगावी.

मास्कच्या बाबतीत वय पाहावे. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नसावी, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी तो मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा, आणि बारा वर्षांपुढच्यांनी मोठ्यांप्रमाणेच वापरावा. घामाने भिजलेला मास्क बदलावाच लागतो. त्यासाठी प्रत्येक मुलाकडे एक जादा मास्क असावा. हात साबणाने वीस सेकंद धुण्याची सोय असली, की प्रत्येक वस्तूवर फवारे मारीत बसण्याची गरज उरत नाही.

गाणे आणि फुगडीचा प्रश्न

आपल्याकडे मुलांचा कलावर्ग म्हटले, की पहिल्या दिवशी प्रार्थना आणि समूहगान आलेच. साथीच्या काळात नेमके हेच सर्वांत जोखमीचे आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट खोऱ्यातील एका गायकवृंदाच्या १० मार्च २०२० च्या सरावाला ६१ जण उपस्थित होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. मोठ्याने गाताना तोंडावाटे सूक्ष्म थेंब अधिक प्रमाणात बाहेर पडतात आणि बंद जागेत ते बराच वेळ तरंगत राहतात. फुगडीतही हात धरून, चेहरे जवळ आणून, जोराने ‘फू’ करीत श्वास सोडायचा असतो. तेव्हा साथ असेपर्यंत ती गटात खेळू नये, एकाच घरातल्या बहिणी-बहिणींना घरी खेळू द्यावी.

म्हणून गाणे घरात न्यावे आणि वर्गात ताल शिकवावा. आजी, आई, मावशी यांच्याकडून एक ओवी, एक धालोचे (बायकांच्या लोकनृत्याचे) गीत किंवा एक आरती शिकून यायची आणि ती कोणी, कधी म्हणायचे हे वहीत टिपून ठेवायचे, असा स्वाध्याय प्रत्येक मुलाला द्यावा. एका घरातली माणसे तशीही एकाच हवेत राहतात, त्यामुळे तेथे मोकळ्या गळ्याने गायला काहीच हरकत नाही. अंगणात मात्र टाळ, टाळ्या आणि घुमट या मातीच्या चर्मवाद्याचे बोल. राज्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी ते घोरपडीच्या कातड्याने मढवीत. घोरपड हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी असल्याने आता बकऱ्याचे कातडे वापरतात, आणि हा बदल मुलांना अवश्य समजावून सांगावा. सरावासाठी रुंद तोंडाच्या लहान मडक्यावर किंवा मोठ्या करवंटीवर फुग्याचे रबर ताणून दोऱ्याने घट्ट बांधले तरी पुरते. वाद्य प्रत्येकाचे स्वतःचे असावे, हे सांगायला नकोच.

नृत्यासाठी मला गोफ विशेष योग्य वाटतो. मध्यभागी टांगलेल्या रंगीत दोऱ्यांपैकी एक-एक दोरी हातात धरून मुले फिरतात आणि गोफ विणत जातो; हात धरावे लागत नाहीत आणि दोरीच्या लांबीमुळे अंतर आपोआप राहते. दोऱ्या पुरेशा लांब ठेवाव्यात, एका वेळी सहा ते आठच मुले घ्यावीत आणि चाल धिमी ठेवावी. विणताना मुले एकमेकांच्या जवळून जातात, पण उघड्या जागेतला तो क्षण ओझरता असतो. विणलेला गोफ उलट्या चालीने उकलणे हेही शिकण्याचाच भाग आहे, आणि वेळेअभावी ते गाळू नये.

पिशवीतले साहित्य आणि कावी

प्रत्येक मुलाला नावाची कापडी पिशवी द्यावी. तिच्यात जाड पुठ्ठ्याचे तुकडे, कोऱ्या कागदांची वही, पेन्सिल, दोन कुंचले, डिंकाची बाटली, गेरूची पुडी आणि सुती दोरा एवढे पुरे. बाकीचे साहित्य परसात मिळते: करवंट्या, काथ्या, माडाचे हीर, पोफळीच्या विऱ्या, चुलीतला कोळसा, आणि मे महिन्यात घरोघरी वाळत असलेली रातांब्याची साले. एक सूचना मात्र ठळकपणे द्यावी: काजूच्या कच्च्या बियांच्या टरफलांना मुलांनी हात लावू नये, कारण त्यांतील तेलाने कातडी भाजते. कळीचा चुनाही मुलांच्या हाती देऊ नये, तो डोळ्यांत गेल्यास इजा गंभीर होते.

मोठ्या मुलांसाठी कावीचा पाठ मी प्रथम सुचवेन, कारण तो गोव्याचा आणि कोकणपट्टीचा वारसा आहे, स्वस्त आहे आणि एकट्याने करण्याजोगा आहे. जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देत आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करीत. चित्र अशा रीतीने लाल-पांढऱ्या दोनच रंगांत उभे राहते. पुठ्ठ्यावर हे करण्यासाठी खडूची पूड डिंकाच्या पाण्यात दाटसर कालवून तिचे दोन हात द्यावेत आणि उन्हात पूर्ण वाळू द्यावे. नंतर गेरू पातळ डिंकात कालवून एकच सारखा हात द्यावा. हा थर बोटाला चिकटेनासा झाला, पण नखाने ओरखडा उठतो आहे, अशा अवस्थेत काम सुरू करावे. फार ओला असेल तर रंग पसरतो आणि पूर्ण वाळला तर पापुद्रे निघतात. तो नेमका क्षण ओळखायला मुलांना दोन-तीन पुठ्ठे वाया घालवू द्यावेत. खरवडण्यासाठी हिराची काडी किंवा बांबूची बोथट सळी चालते. आरंभ कंपासने काढलेल्या वर्तुळांतल्या पाकळ्यांपासून करावा, पुढे तुळशीवृंदावन, कमळ, पक्षी; आणि शेवटी मुलाने स्वतःच्या घराची ओसरी काढावी. काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे याचा विचार करीत मूल इथे तासभर शांत बसते, आणि भीतीच्या दिवसांत हे मोठे काम आहे.

लहान मुलांना परसातले रंग द्यावेत. गोकर्णाच्या निळ्या फुलांच्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळट गुलाबी होते, खाण्याचा सोडा घातला की हिरवटपणाकडे झुकते, आणि हळदीच्या पाण्यात तोच सोडा तांबडा रंग आणतो. हे रंग उन्हात विटतात, हे मुलांना आधीच सांगून टाकावे.

नाटकाशिवाय गोव्यातल्या मुलाचा उन्हाळा पुरा होत नाही, कारण जत्रेतल्या मराठी नाटकाच्या तालमी पाहतच ते वाढते. साथीत संवादांऐवजी मूकाभिनय किंवा पांढऱ्या धोतरामागे पुठ्ठ्याच्या आकृत्यांचा छायाखेळ बसवावा. संवाद एकाने घरी ध्वनिमुद्रित करावेत.

घरी बसून चालणारे दिवस

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या अनेक गावांत मोबाइलचे जाळे नीट पोहोचत नाही, आणि टाळेबंदीत तिथली मुले ऑनलाइन वर्गासाठी उंच जागा शोधीत फिरली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून घरच्या पाठाचा आधार पिशवीत ठेवलेला छापील किंवा हाताने लिहिलेला कागद असावा. त्याला जोड म्हणून मिनिटभराचा आवाजी संदेश पाठवावा आणि आठवड्यातून एकदा साधा फोन करावा. चित्रफितीवर काहीही अवलंबून ठेवू नये. स्मार्टफोन नसलेल्या मुलाला आपण मागे पडलो असे वाटता कामा नये.

शिकवण्यासाठी गावातलेच कलाकार बोलवावेत. जत्रा रद्द झाल्यामुळे दशावतारी नट, पेटीवादक, कीर्तनकार आणि नेपथ्यकार यांचा हंगामच बुडाला होता. त्यांना मानधन द्यावे, वर्ग ऐनवेळी रद्द झाला तरी द्यावे, कारण तयारी त्यांनी केलेलीच असते. कलाकार वयस्कर असतील, तर त्यांनी मुलांपासून दहा-बारा फुटांवर ओसरीत बसावे किंवा ध्वनिमुद्रण पाठवावे.

वर्गात नेहमी दोन प्रौढ असावेत आणि कोणतेही मूल कोणा एका प्रौढाबरोबर एकांतात नसावे. छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. स्पर्धा आणि बक्षिसे ठेवू नयेत. ज्या घरात माणूस गेले आहे, तिथल्या मुलाला आग्रहाने काही काढायला लावू नये, त्याच्या चित्राचा अर्थही लावू नये. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे. मूल अनेक दिवस खातपीत नसेल, झोपत नसेल किंवा घरात त्याला इजा होत असल्याची शंका आली, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करावा.

कोणाला ताप, खोकला किंवा वास न येण्याची तक्रार असेल, तर त्या मुलाने घरीच थांबावे आणि त्याची पिशवी दारात पोहोचवावी. चाचणीत संसर्ग आढळला, तर पूर्ण गटाचा वर्ग चौदा दिवस बंद ठेवावा, आरोग्य केंद्राला कळवावे आणि त्या मुलाचे नाव वाड्यावर कोणीही उच्चारू नये. हजेरीवहीत नाव व पालकांचा फोन रोज नोंदवावा.

समारोपाचा समारंभ नको. मेच्या शेवटच्या आठवड्यात कुंपणांना आणि झाडांना दोऱ्या बांधून मुलांची कामे चिमट्यांनी लटकवावीत, म्हणजे लोक आपापल्या वेळी येता-जाता पाहतील. मोसमी पाऊस गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो, तेव्हा त्याआधीच ती उतरवून ज्याची त्याला परत करावीत. उरलेला गेरू, पुठ्ठे आणि डिंक पुढच्या वाड्याला द्यावेत, मानधनाचा हिशेब पालकांना दाखवावा आणि शेवटच्या वर्गानंतर चौदा दिवस कोणी आजारी पडले नाही याची खात्री झाल्यावर फोन क्रमांकांची हजेरीवही नष्ट करावी.