सप्ताहातल्या कीर्तनाआधी मिक्सरची तयारी

सप्ताहाच्या मांडवात मिक्सरसमोर, म्हणजे सगळ्या माईकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रासमोर, बसणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. कीर्तन ऐकायचं असतं ते शब्दांसाठी. शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाजवळ बसलेल्या आजींना महाराजांचं निरूपण शब्दन्‌शब्द कळलं पाहिजे. टाळ घुमले, मृदंग कडाडला, पण अभंगाचा अर्थ मागे पोहोचलाच नाही, तर त्या आजी इतक्या लांबून चालत आल्या कशासाठी? पुढची सगळी तयारी त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात विजेपासून करा, तीही चार दिवस आधी. मंदिरातल्या पॉइंटला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे झालं, असं समजू नका. मिक्सर, अँप्लिफायर आणि वायरलेस माईकचा रिसीव्हर एकाच पॉइंटवरून घ्या. लायटिंगच्या माळा, हॅलोजन आणि पाण्याची मोटर दुसऱ्या लाइनवर टाका. मिक्सर एका ठिकाणच्या अर्थिंगवर आणि अँप दुसऱ्या ठिकाणच्या, असं झालं की केबलच्या जाळीतून प्रवाह फिरतो आणि स्पीकरच्या बॉक्समधून ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. ती घालवायला प्लगची तिसरी जाड पिन काढून टाकणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका. एका सप्ताहात अशाच काढलेल्या पिनेपायी माईकच्या जाळीला ओठ लागताच गाणाऱ्या मुलाला झटका बसला होता. मी तिथे होतो. तेव्हापासून कुठेही गेलो तरी आधी प्लग हातात घेऊन पिना मोजतो. गुणगुण आलीच तर सगळं एका पॉइंटवर आणा. पेटीऐवजी कीबोर्ड असेल तर मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज माईकच्या केबलजोगा करून देणारी छोटी डबी) घाला आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबून पाहा.

केबल तपासणं कंटाळवाणं काम आहे, पण ऐन कीर्तनात होणारी खरखर बहुतेक वेळा केबलचीच असते. एकेक केबल लावायची, दोन्ही टोकांना हलवून पाहायची, आणि खराखरा वाजली की तिला लाल चिकटपट्टी लावून बाजूला काढायची. ती पिशवीत परत गेली तर नेमकी महाराजांच्या माईकला लागणार. माईकला तीन पिनांचीच केबल वापरा. तिच्या पहिल्या पिनेवर अर्थिंग असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर तोच आवाज एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि मिक्सर तो वजा करून टाकतो. म्हणून अशी केबल चाळीस मीटर ओढली तरी चालते. साधी मोनो जॅकची केबल मात्र पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नका.

आता मिक्सर. बारा चॅनेलचा साधा अ‍ॅनालॉग मिक्सर सप्ताहाला पुरून उरतो. चॅनेलचा क्रम आधी कागदावर लिहा आणि सातही दिवस तोच ठेवा. पहिल्यावर महाराजांचा उभा माईक, दुसऱ्यावर त्यांचा वायरलेस, तिसऱ्या-चौथ्यावर गायनाचार्य, पाचव्यावर पेटी, सहाव्यावर मृदंगाची धूम (खर्जाची बाजू), सातव्यावर शाई (वरच्या सुराची बाजू), आठव्यावर पारायणाचं व्यासपीठ. फेडरखाली, म्हणजे चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या काडीखाली, पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने नावं लिहा. अंधारात घाई झाली की पाठांतर दगा देतं. पट्टी देत नाही.

टाळकऱ्यांना माईक देऊ नका. मागे पंधरा-वीस टाळ उभे असले की त्यांचा आवाज महाराजांच्या माईकमध्ये आपोआप येतो, नको तितका येतो. उघड्या माईकांची संख्या दुप्पट केली की शिट्टी (बॉक्सचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून होणारी) वाजण्याआधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. म्हणून एकेका माईकला तो कशासाठी लावला हे विचारा. महाराजांना आधीच भेटून, हात जोडून सांगा की माईक तोंडापासून वीतभरच असू द्या. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, टाळ मात्र तेवढेच राहतात. बोलण्याच्या भरात महाराज दोन पावलं मागे सरतात, ते स्वाभाविकच आहे. त्यासाठीच दुसऱ्या चॅनेलवर वायरलेस तयार ठेवायचा, रोज नव्या सेलसह.

मृदंग वाजवणारे बसून वाजवणार की उभ्याने, हे दुपारीच विचारा. उभ्याने असेल तर स्टँड वेगळे लागतात. धूमवर कणीक ताजी लावलेली असली की खालचा सूर भरून येतो. तो माईक पुडीला चिकटवू नका, वीतभर लांब ठेवा. लो-कटचं बटण, ज्याने साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा घुमारा कापला जातो, ते धूमचा चॅनेल सोडून सगळीकडे दाबा. स्टँडला पाय लागला, वारा आला, तरी मग बॉक्स धडधडत नाही. पेटीचा माईक भात्याच्या बाजूला नको. तो पट्ट्यांच्या वरच्या अंगाला असू द्या.

चालू करताना सगळ्या फेडरच्या काड्या खाली, गेन (माईकचा आवाज आत किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारं बटण) शून्यावर, टोनची बटणं मधोमध, फँटम (केबलमधून माईकला जाणारी वीज) बंद. आधी मिक्सर चालू करायचा, अँप सगळ्यात शेवटी. कंडेन्सर माईक असेल तरच ४८ व्होल्टचं फँटम लागतं, आणि तेही मास्टर (सगळ्यांचा एकत्र आवाज ठरवणारा फेडर) खाली असताना द्या, नाहीतर बॉक्समधून दणका निघतो.

मग गेन. मिक्सरवर सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. चॅनेलचं पीएफएल बटण (तो एकच चॅनेल हेडफोनवर आणि मीटरवर देणारं) दाबा, कानाला हेडफोन लावा आणि माणसाला खरं गायला सांगा. “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” या आवाजावर गेन ठरवलात तर रामकृष्णहरीचा गजर टिपेला गेला की लाल दिवा पेटेल आणि आवाज फाटेल. गजराच्या आवाजातच मीटर शून्याच्या आसपास खेळू द्या, लाल दिवा एकदाही लागता कामा नये. त्यानंतर फेडर वर नेऊन शून्याच्या खुणेवर ठेवा. तिथे खुणा दूरदूर असतात, बोटभर सरकवलं तर आवाज थोडाच बदलतो. फेडर अगदी तळाशी ठेवून काम केलंत तर नखाएवढ्या हालचालीला आवाज उडी मारतो. एकदा बसवलेला गेन कीर्तन चालू असताना हलवायचा नाही, कारण त्याबरोबर गायकांचा मॉनिटरही, म्हणजे त्यांच्याकडे तोंड केलेला बॉक्सही, हलतो. मॉनिटर प्री-फेडर ऑक्सवरून (फेडर हलवला तरी न बदलणाऱ्या वेगळ्या वाटेने) द्या आणि त्यात पेटी आणि गायकांचा स्वतःचा आवाज, एवढंच टाका.

शिट्टी आधीच वाजवून घ्या. मांडव रिकामा असताना मास्टर हळूहळू वर नेत जा. पहिली शिट्टी कुठल्या चॅनेलवर आणि कुठल्या उंचीवर येते ते ऐका. मिडचं, म्हणजे मधल्या सुरांच्या टोनचं, बटण फिरवून ती जागा शोधा, तिथे ३ ते ६ डेसिबल कमी करा, आणि मग मास्टर ६ डेसिबल खाली आणून तिथेच थांबा. कमी करून सुधारायची सवय लावा, वाढवून नव्हे. पत्र्याच्या मांडवात वरचे सूर फार उसळतात. माणसं भरली की ती उसळी अंगावरच्या कपड्यांत जिरते, म्हणून हरिपाठ चालू असताना पुन्हा एकदा मागच्या रांगेत जाऊन ऐका. तिथे ध्वनी उशिरा पोहोचतो, एका मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. पुढचे आणि मागचे बॉक्स ३० मीटर दूर असले तर जवळजवळ ९० मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि एकच शब्द दोनदा ऐकू येतो. मागच्या बॉक्सचा आवाज मुद्दाम उशिरा सोडणारं डिलेचं यंत्र नसेल तर बॉक्समधलं अंतर १०-१२ मीटरांच्या आत ठेवा.

इको निरूपणात पूर्ण बंद. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. अभंगाच्या चालीला थोडा द्या, गोड लागतो. बोलण्यावर घातला की प्रत्येक शब्द मागच्या शब्दावर चढतो आणि आजी नुसत्या माना डोलावतात.

गायनाचार्यांचे माईक निरूपण चालू असताना बंद करू नका. ८-१० डेसिबल खाली आणून ठेवा. महाराज ओळ सोडतात आणि गायक ती क्षणात उचलतात. तेवढ्यात बटण शोधत बसलात तर चालीचा पहिला शब्द गेला. म्हणून डोळे महाराजांच्या हातांवर असू द्या, मीटरवर नव्हे.

परवानगीचा कागद मिक्सरजवळच ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य शासनाला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही सूट रात्री १२ पर्यंत देता येते. आपली तारीख त्यात आहे का ते कमिटीने आधी पाहावं. नसेल तर कीर्तन लवकर उभं करा. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणून कळसाकडचे कर्णे काढून मांडवातल्या बॉक्सवरच भागवा. ऐकायला आलेली माणसं मांडवातच बसलेली असतात.

लाइट गेली तर आधी अँपचे खटके खाली करा. जनरेटर स्थिर झाला की पुन्हा मिक्सर आणि मग अँप. आरती झाल्यावर बंद करतानाही अँप आधी, मिक्सर नंतर. केबल कोपरावर पिळून गुंडाळू नका, तार आतून तुटते. मोठे सैल वेटोळे घाला. शेवटी सगळ्या खटक्यांचा मोबाइलवर एक फोटो काढा, आठव्या चॅनेलचा माईक व्यासपीठावर लावून ठेवा आणि मेन स्विच कुठला ते पट्टीवर लिहा. सकाळी सहानंतर पारायणाला जो मिक्सर चालू करेल तो तुम्ही नसाल.