कोल्हापुरातून स्टॉक कार रेसिंगकडे जाताना

गाडी सुसाट पळवणाऱ्या मुलाचे आपल्याकडे मोठे कौतुक होते. परंतु स्टॉक कार रेसिंगमध्ये टिकायचे असेल, तर गाडीचे काय बिनसले आहे हे मेकॅनिकला नेमक्या शब्दांत सांगता येणे वेगाइतकेच आवश्यक असते. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी अमेरिकेतील डेटोना बीच येथे नॅसकार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी शोरूममधल्या साध्या मोटारी तिच्या शर्यतीत उतरू लागल्या. आजची गाडी बाहेरून ओळखीची दिसली, तरी आतून ती पोलादी पाइपांचा सांगाडा आणि व्ही-एट इंजिन असलेली निव्वळ शर्यतीची गाडी असते.

वळणावर स्टीअरिंग फिरवूनही गाडीचे नाक बाहेरच सरकत राहिले, तर तिला 'टाइट' म्हणतात. मागची बाजू निसटू लागली, तर 'लूज'. ड्रायव्हर हे रेडिओवरून कळवतो आणि त्यावरून टायरमधली हवा किती ठेवायची, स्प्रिंगचा ताण किती बदलायचा, हे त्याचा क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिकांचा प्रमुख, ठरवतो. ड्रायव्हरने चुकीचे सांगितले, तर पिटमधली, म्हणजे शर्यत चालू असताना गाडी थांबवून दुरुस्त करण्याच्या जागेतली, माणसे कितीही चपळ असली तरी गाडी सुधारत नाही.

हे शिक्षण गॅरेजमध्ये सुरू होते. तब्बल २०० शर्यती आणि सात अजिंक्यपदे जिंकणारे रिचर्ड पेटी आधी वडिलांच्या, म्हणजे ली पेटी यांच्या, गाडीवर काम करत. एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत वडिलांनी त्यांना शर्यतीत उतरू दिले नाही. डेल अर्नहार्ट कन्नापोलिसचे. ते कापड गिरण्यांचे गाव, म्हणजे आपल्या इचलकरंजीचे भावंडच म्हणावे. नववीत शाळा सोडून मिळेल ते काम करत ते शर्यतीत आले आणि सात वेळा अजिंक्य ठरले. तरीही डेटोना ५०० ही पाचशे मैलांची शर्यत त्यांना विसाव्या प्रयत्नात, १९९८ साली, जिंकता आली.

कोल्हापूरकरांना या बाबतीत दूर जावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी उमेदवारी करत होतो, तेव्हा आमचे मिस्त्री चालू लेथच्या हेडस्टॉकवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवत, मूठ कानाला लावत आणि कोणते बेअरिंग जाणार ते सांगत. मुलाला सुट्टीत अशा माणसाच्या हाताखाली जरूर ठेवावे.

त्याच्या जोडीने कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत, सुरू करावे. मोहितेज रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक कोल्हापुरातच आहे. कार्टला सस्पेन्शन नसल्यामुळे प्रत्येक चूक थेट पाठीला कळते. मुलाला न सांगता पुढच्या किंवा मागच्या टायरमधली हवा एखाद्या पौंडाने बदलावी, पाच लॅप मारू द्याव्यात आणि काय बदलले ते विचारावे. उत्तर, लॅपची वेळ आणि त्या दिवशीचे ऊन वहीत लिहून ठेवावे. सुरुवातीला मुलगा अंदाजाने काहीही ठोकून देतो, तेव्हा रागावू नये.

पुढचा टप्पा एफएमएससीआय या भारतातील मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेचे लायसन्स आणि चेन्नई व कोइम्बतूर येथील टूरिंग कारच्या शर्यती. स्टॉक कारच्या ओव्हलचा, म्हणजे लंबगोल ट्रॅकचा, सराव मात्र परदेशातच करावा लागतो. डेटोनाच्या वळणांचा उतार ३१ अंशांचा आहे. नारायण कार्तिकेयन यांनी २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत भाग घेतला, तोही फॉर्म्युला वनचा अनुभव गाठीशी असताना. खर्च घरच्या पैशांत भागणार नाही, म्हणून प्रायोजकासमोर बसून बोलायची सवय मुलाला आधीपासूनच लावावी.

शरीराकडेही लक्ष हवे. पाचशे मैल म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला जाऊन परत येण्यापेक्षा जास्त अंतर, आणि तेही भट्टीसारख्या तापलेल्या गाडीत. तालमीतल्या जोर-बैठका उपयोगी पडतातच, पण मानेचा व्यायाम वेगळा करावा लागतो.

सुरक्षेच्या साधनांत काटकसर करू नये. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या लॅपमध्ये अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी नॅसकारने डोके व मान जखडून ठेवणारे साधन सक्तीचे केले. मोठ्या गाडीत बसण्यापूर्वी ते विकत घ्यावे, वापरलेले हेल्मेट कोणाकडूनही घेऊ नये आणि जोतिबाच्या घाटात रात्री 'सराव' करणाऱ्या मुलाची किल्ली त्याच दिवशी काढून घ्यावी.